मुद्दाम बिघडवलेला चहा

आमच्या गल्लीत त्या वर्षी सगळ्यांत बदनाम कोण झालं असेल, तर माझा कोंबडा. तो रोज सकाळी बिबीच्या धुतलेल्या कपड्यांवर जाऊन बसतो, नको ते करतो आणि त्यावरून सासू-सुनेचं भांडण पेटतं, असं नदीवरच्या तरीच्या धक्क्यापर्यंत सगळे सांगत होते. कोंबडा बिचारा निर्दोष होता. त्याला काखेत मारून तिथे नेऊन बसवणारी मी होते, आणि मला तसं करायला सांगणारी होती खुद्द सून.

हे नीट सांगायचं तर नावांपासून सुरुवात करावी लागेल.

आमच्याकडे पांगानीत, नदी समुद्राला मिळते त्या गावात, बाईला पहिलं मूल झालं की तिचं स्वतःचं नाव ट्रंकेत जातं. मग ती अमक्याची आई. माझं नाव माझ्या नवऱ्याला तरी आठवतं की नाही कोण जाणे. मी चाउसिकूची आई. ओट्यावर शिवणयंत्र टाकून बसते. शेजारच्या घराचं अंगण मला तिथून दिसतं, आणि जे दिसत नाही ते ऐकू येतं. त्या घरातली सून झुहुरा. तिला पहिली मुलगी झाली ती ईदच्या दिवशी, म्हणून म्वानाइदी. तेव्हापासून झुहुरा ही म्वानाइदीची आई, आणि तिचा नवरा अथुमानी, जो नदीच्या तरीवर माणसं, सायकली आणि बकऱ्या चढवतो-उतरवतो, तो म्वानाइदीचा बाप.

अथुमानीची आई म्हणजे बिबी. बिबी म्हणजे आजी. पण ती साऱ्या गल्लीचीच बिबी, कारण तिचा आवाज साऱ्या गल्लीला पुरतो. अंगणाच्या पलीकडच्या खोलीत ती राहते. तिथून तिनं “म्वानाइदीच्या आईऽऽ, चहा आणतेस की माझ्या मयताला आणणार आहेस?” असं विचारलं, की तरीचा भोंगा झाला समजून लोक धक्क्याकडे पळत.

म्वानाइदी बसायच्या वयात मान धरेना आणि चालायच्या वयात बसेना. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जन्मताना हिच्या मेंदूला हवा कमी पडली आहे; पोरीला सगळं कळतं, अंग मात्र ऐकत नाही. व्यायामाच्या बाईंनी शिकवलं, की हिला पोटावर घाला, छातीखाली कापडाची गुंडाळी ठेवा आणि मान उचलायला लावा. “जोर लावून नाही,” त्या म्हणाल्या. “तिला स्वतःला मान उचलावीशी वाटेल असं काहीतरी शोधा.”

झुहुरानं खुळखुळा वाजवून पाहिला, आरसा धरून पाहिला, गोड पाव नाकासमोर नाचवून पाहिला. स्वतः हाका मारून पाहिल्या. पोरगी नुसते डोळे फिरवी आणि हसे. आई समोरच बसलीय, मान कशाला उचलायची? पण अंगणापलीकडून बिबीची हाक आली, “म्वानाइदीच्या आईऽऽ”, की आपलं नाव ऐकून पोरीच्या कपाळाला आठ्या पडत, मान थरथरत वर येई, आणि बिबी बोलत राही तोवर ती दाराकडे टक लावून कबुतरासारखी घुमत हसे. आणि बिबी थोडक्यात कधी आटपत नाही, ही वरच्याची कृपा.

त्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. त्या मुलीशी कुणी बोलतच नसे. बायका येत, झुहुराला बाजारभाव विचारत, चटईकडे बघून जीभ चुकचुकवत आणि जात. कुणी तिला देवाची पाहुणी म्हणे, कुणी फरिश्ता. फरिश्त्याला कडेवर घ्यायचं मात्र कुणाला सुचत नसे. तिचं नाव गावात उरलं होतं ते फक्त तिच्या आईला मारलेल्या हाकेत.

मग हाशिमू झाला. गुबगुबीत, ठणठणीत, रडका. त्याच्या अकीक्याला, म्हणजे बारशाच्या जेवणाला, बकरा कापला, पिलाव झाला आणि अर्थातच शोमारी चेअरमन आले. ते पूर्वी कधीतरी गल्लीचे चेअरमन होते. लोकांनी त्यांना पाडलं, पण ते पडले आहेत हे त्यांना सांगायला कुणी गेलं नाही. तिसऱ्यांदा पिलाव घेऊन झाल्यावर ते उभे राहिले.

“मंडळी,” ते म्हणाले, “आजपासून आपल्या या सुनेला आपण हाशिमूची आई म्हणू या. रोज उठून तिच्या जखमेवर बोट कशाला ठेवायचं?”

मंडळींना गहिवरून आलं. गल्लीतल्या पिलीच्या आईनं तर डोळ्याला पदर लावला. “मन असावं तर असं!” ती म्हणाली. अथुमानीनं मान खाली घातली, पण सुटल्यासारखा श्वास सोडलेला मी पाहिला. बिबीनं मान डोलावली. माणसं एकमेकांच्या चांगुलपणावर खूश होऊन घरी गेली, आणि जाताना पिलावाच्या पुरचुंड्याही घेऊन गेली.

झुहुरा मागे भांडी घासत होती. तिला तिचं नाव बदललेलं दुसऱ्या दिवशी कळलं.

“हाशिमूच्या आई, चहा आण गं,” पलीकडून बिबीचा आवाज आला. हळू, मायेनं भिजलेला.

चटईवरची मान जागची हलली नाही.

आठवडा गेला, महिना गेला. सगळी गल्ली गोड झाली. हाशिमूच्या आई, बरी आहेस ना? हाशिमूच्या आई, जरा मीठ देतेस? म्वानाइदी गालावर पडून राही. तिच्या गालावर चटईची वीण उमटू लागली. झुहुरा नवऱ्याशी बोलली, तर तो म्हणाला, “जाऊ दे ना. तरीवर सगळे विचारायचे, म्वानाइदीच्या बापा, चालायला लागली का रे? आता नाही विचारत. मलाही जरा जगू दे.” मग ती बिबीशी बोलली. मी सुईत दोरा ओवत होते. तो ओवायला मला फार वेळ लागला.

“तुमच्या हाकेनं ती मान उचलायची, बिबी.”

“हाकेनं मान उचलेल, पाय उचलेल का? मी पण ऐकलंय डॉक्टरीणबाईचं. चालणार नाही म्हणाली ना ती? मग रोज तेच नाव घेऊन तुला आणि मला कशाला रडवायचं?”

“मी रडते का?”

“मी रडते!” बिबी म्हणाली, आणि लगेच तोंड फिरवून तांदूळ निवडायला लागली. त्यात खडे नव्हते. मीच आदल्या दिवशी निवडून दिले होते.

मीही प्रयत्न केला नाही असं नाही. मी ओट्यावरून हाका मारून पाहिल्या. पण माझा आवाज शिवणयंत्राच्या खडखडाटात दबून गेलेला; पोरीनं माझ्याकडे बघून जांभई दिली.

आणि मग एका सकाळी झुहुराच्या हातून चूक झाली. हाशिमू रात्रभर रडला होता, तिचे डोळे मिटत होते, आणि तिनं बिबीच्या चहात साखरेच्या जागी मीठ घातलं. पलीकडे एक घोट गेला. मग अख्ख्या पांगानीनं ऐकलं:

“म्वानाइदीच्या आईऽऽ! समुद्र पाजतेस का गं मला? तुझ्या आईनं हेच शिकवलं? मी मेले की माझी खोली भाड्यानं द्यायचीय ना तुला? दे! आजच दे!”

माणसं ठरवून गोड बोलतात; चिडून बोलताना ठरवलेलं सगळं सांडतं. रागात बिबीच्या तोंडी जुनीच हाक आली होती. झुहुरा धावत अंगणात येत होती, ती वाटेतच थांबली. चटईवर म्वानाइदीची मान वर होती. थरथरत होती, पण वर होती. बिबी मिठावरून झुहुराच्या माहेरावर आली, माहेरावरून तिच्या मामेबहिणीच्या लग्नावर आली, आणि तोवर पोरगी दाराकडे बघत घुमत होती.

दुपारी झुहुरा भिंतीवरून वाकली. तिच्या तोंडावर असं हसू होतं, की मला वाटलं हिला ताप चढला.

“चाउसिकूच्या आई,” ती म्हणाली, “तुझा कोंबडा सकाळी काय करतो?”

तर तिथून ते सुरू झालं. सकाळी चहात मीठ नसेल तर भात लागलेला. भात बरा असेल तर बिबीची चप्पल विहिरीपाशी. एके दिवशी झुहुरा नवा कांगा गुंडाळून सासूच्या दारावरून तीन येरझाऱ्या मारून आली. आमच्या बायकांच्या कमरेच्या या कापडावर एक वाक्य छापलेलं असतं, आणि बायका तोंड न उघडता एकमेकींना जे सांगायचं ते त्यातून सांगतात. त्या कांग्यावर सासवांबद्दल काय छापलं होतं ते मी इथे लिहीत नाही. माझी सासू अजून आहे. बिबीला वाचता येत नाही, म्हणून तिनं पिलीच्या आईकडून ते वाचून घेतलं, आणि त्या दिवशी म्वानाइदीची मान इतका वेळ वर राहिली, की झुहुरानं शेवटी स्वतःच तिला कुशीवर घेतलं. मधूनमधून कोंबडा होताच.

“आज काय बिघडवू गं?” सकाळी भिंतीवरून झुहुरा विचारी, आणि आम्ही दोघी स्वयंपाक ठरवावा तसं भांडण ठरवत असू.

पोरगी सुधारत होती. आता मान नुसती वर येत नव्हती, डावीउजवीकडे वळत होती. बिबी अंगणात फिरत ओरडू लागली की तिच्या रोखानं फिरत होती. हे गल्लीतल्या कुणाला दिसलं नाही, कारण चटईकडे कुणी बघतच नव्हतं. गल्लीला दिसलं ते भांडण.

पिलीची आई त्याच सुमाराला कुटुंब-स्वास्थ्याच्या एका शिबिराला जाऊन आली होती. तिथून तिनं एक टोपी, एक टीशर्ट आणि बरेच शब्द आणले होते. आजारी मूल असलेल्या घरात आई थकते, थकली की चिडते, चिडली की घर मोडतं, हे तिला तिथे कळलं होतं. हे खोटं नव्हतंच. पण आई थकली तर तिच्या हातातलं थोडं काम आपण घ्यावं, हे शिबिरात बहुतेक जेवणाच्या सुट्टीनंतर शिकवलं असावं, आणि तोवर पिलीची आई परत निघाली असावी.

“बैठक घेतली पाहिजे,” ती चेअरमनसाहेबांना म्हणाली.

बैठक म्हटल्यावर चेअरमनसाहेबांच्या पाठीचा कणा सरळ झाला. “घेऊ या,” ते म्हणाले. “त्यांच्याच घरी घेऊ. पिलाव करायला सांगा.”

तर थकलेल्या आईचा थकवा दूर करण्यासाठी मंडळी जमली, आणि त्यांच्यासाठी थकलेल्या आईनं पहाटेपासून नारळ खोवले, कांदे तळले आणि शेजारपाजारच्या चटया गोळा करून अंथरल्या. म्वानाइदीला आतल्या खोलीत ठेवायला सांगितलं होतं. कार्यक्रमात व्यत्यय नको म्हणून.

चेअरमनसाहेब घरातल्या शांतीवर बोलले. मग स्वतःच्या घरातल्या शांतीवर बोलले; त्यांची बायको हल्ली माहेरीच असते, त्यामुळे शांती आहे. पिलीची आई टोपी घालूनच बोलली.

“हाशिमूची आई मनानं खचलीय. तिला आधार पाहिजे.”

“मी खचले नाही,” झुहुरा म्हणाली.

“बघा! खचलेलं माणूस असंच म्हणतं. तसं सांगितलंय शिबिरात.”

“मला हाशिमूची आई म्हणू नका, एवढंच माझं मागणं आहे. मी आधी म्वानाइदीची आई आहे. तिचं नाव घ्या. तिला ऐकू येतं.”

मंडळी आपापल्या गुडघ्यांकडे बघू लागली. कुणीतरी “बिचारी” म्हणालं. ते आईला होतं की मुलीला, कळलं नाही. “भावना आहेत,” चेअरमनसाहेबांनी निकाल दिला. “भावना असायच्याच. आता तोडगा. सुनेनं सासूचं खाणंपिणं बिघडवायचं नाही. आणि बिबी, तुम्ही आवाज चढवायचा नाही. घ्या शपथ.”

बिबीनं अथुमानीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. अथुमानी हसला, घरात बोलणी खाऊन खाऊन तोही टेकीला आला होता. झुहुराकडे मात्र कुणी पाहिलं नाही. ती दारात वाढायचा डाव घेऊन उभी होती, आणि पोटचं काहीतरी कुणी वाटून खात असावं तशी त्या पिलावाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून शांती नांदू लागली. बाई गं, काय ती शांती!

तोडगा मोडायचा असं ठरवूनच झुहुरानं पहिल्या सकाळी चहात मीठ घातलं. मुठीनं. पलीकडे घोट गेला. आम्ही दोघींनी श्वास रोखला.

“फार छान झालाय गं, हाशिमूच्या आई,” बिबी हळूच म्हणाली, आणि कप तळापर्यंत प्याली. डोळ्यांतून पाणी येत होतं. एकुलत्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवलेली बाई विषालाही गोड म्हणाली असती.

भात करपवला, तर तिनं करपलेला मागून घेतला. कोंबडा कपड्यांवर बसवला, तर तिनं त्याला दोन्ही हातांनी अलगद उचलून खाली ठेवलं आणि “पुन्हा ये हं,” म्हणाली. कोंबडा त्या दिवसापासून बिथरला आहे.

चटईवर म्वानाइदी रोज सकाळी तोंड दाराकडे करून पडे. चहा पलीकडे गेला की तिच्या भुवया वर जात. ती वाट बघत असे. पलीकडून कुजबुज येई. भुवया खाली येत, गाल पुन्हा चटईवर टेके. काही दिवसांनी भुवयाही उचलेनाशा झाल्या.

“सांग ना बिबीला सरळ,” मी म्हटलं.

“सांगितलं होतं. बैठकीतही सांगितलं. आणखी कोणत्या भाषेत सांगू?” झुहुरा म्हणाली. तिच्या हातातली मिठाची बरणी तिनं फळीवर मागे सारून ठेवली. “मी हरले, चाउसिकूच्या आई. उद्यापासून साखर.”

त्याच संध्याकाळी मी एका ब्लाउजची बाही लावत होते. झुहुरा हाशिमूला घेऊन विहिरीवर गेली होती. कोंबडा, आता सवयीनं, आपणहून बिबीच्या कपड्यांवर जाऊन बसला. बिबी बाहेर आली. तिनं पाहिलं, तिची छाती फुगली, तोंड उघडलं, “म्वा—” एवढं बाहेर पडलं, आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मागे चटईवर चुळबुळ झाली.

बिबी वळली. म्वानाइदीची मान वर आली होती. निम्मीच. ती थरथरत होती, ओठातून लाळेची तार लोंबत होती, आणि डोळे बिबीच्या तोंडावर होते, त्या बोळा कोंबलेल्या तोंडावर, पुढचं ऐकण्यासाठी. बिबी तशीच उभी राहिली. पोरीची मान हळूहळू खाली गेली. बिबीनं तोंडातून पदर काढला, इकडेतिकडे पाहिलं, आणि अगदी बारीक आवाजात, जणू चोरी करतेय अशी म्हणाली, “म्वा.”

मान पुन्हा हलली.

मी यंत्राचं चाक फिरवलं, म्हणजे मी काही पाहत नाहीये हे तिला कळावं. बाही उलटी लागली.

दुसऱ्या सकाळी झुहुरानं शब्द पाळला. चहात साखर बेताची, आलं ठेचून घातलेलं, दूध वर आलेलं. असा चहा त्या घरात कित्येक दिवसांत झाला नव्हता. तो पलीकडे गेला. एक घोट. मग आणखी एक घोट.

“म्वानाइदीच्या आईऽऽऽ!”

माझ्या हातातली कात्री पडली.

“हा काय चहा आहे? इतका चांगला चहा करतात का कुठे? काय लाच देतेस मला? माझ्याकडून काय लिहून घ्यायचंय? आणि आलं! आलं इतकं बारीक ठेचलंयस, दात आहेत अजून मला! म्वानाइदीच्या आई! ऐकतेस का, म्वानाइदीच्या आई!”

झुहुरा दारात आली. ती बिबीकडे बघत होती, पण बिबी तिच्याकडे बघत नव्हती. बिबी चटईसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती आणि सुनेला घालायच्या सगळ्या शिव्या नातीच्या डोळ्यांत बघून घालत होती. म्वानाइदीची मान ताठ वर होती. बिबी डावीकडे गेली, मान डावीकडे. बिबी उजवीकडे आली, मान उजवीकडे. पोरगी इतकी मोठ्यानं घुमत होती, की माझी खुराड्यातली कबुतरं उत्तर देऊ लागली.

“अगं, शपथ?” अथुमानी आतून धावत आला. “आई, माझ्या डोक्यावर हात ठेवून...”

“तुझं डोकं आहे जागेवर,” बिबी म्हणाली. “त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. जा, तरीवर जा. आणि कुणी विचारलं, म्वानाइदीच्या बापा, चालते का रे, तर सांग, नाही चालत, पण तुमच्यापेक्षा बरी मान वर करून बघते.”

दुपारी चेअरमनसाहेब आलेच. त्यांच्या मागे पिलीची आई, टोपी घालून. तोडगा मोडल्याची बातमी धक्क्यापर्यंत गेली होती, आणि मोडलेल्या तोडग्याला दुसरी बैठक लागते, दुसऱ्या बैठकीला दुसरा पिलाव.

“हाशिमूच्या आई, आत येऊ का?” चेअरमनसाहेबांनी दारातून विचारलं.

बिबी उंबऱ्यावर बसली होती. तिनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

चेअरमनसाहेब खाकरले. “म्वानाइदीच्या आई, येऊ का?”

“मोठ्यानं,” बिबी म्हणाली. “मतं मागायला आला होतात तेव्हा आवाज होता की.”

“म्वानाइदीच्या आई!”

आत चटईवर चुळबुळ झाली. कबुतर घुमलं.

“या,” बिबी म्हणाली. “पिलाव नाही. चहा आहे.”

झुहुरा चुलीपाशी होती. तिनं फळीवर मागे सारलेली मिठाची बरणी पुढे ओढलेली मला भिंतीवरून स्पष्ट दिसली. कप आला. चेअरमनसाहेबांनी घोट घेतला. त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी बिबीकडे पाहिलं, झुहुराकडे पाहिलं, मग दारातून आत, मान ताठ करून आपल्याकडेच बघणाऱ्या त्या पोरीकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

“कसा झालाय?” झुहुरानं विचारलं.

“फार छान,” चेअरमनसाहेब म्हणाले, आणि तळापर्यंत प्याले.